मावशीच्या नावचं पीठ

मुलांजे,
रविवार, ९ जून २०२४

मेहुणे लायटन यांस,

फायसनचा नमस्कार. इथे चार दिवस पावसाची भुरभुर थांबलेली नाही, डोंगर दिसत नाही, शेळ्या ओसरी सोडत नाहीत. जोहान्सबर्गच्या थंडीत तुमचे गुडघे काय म्हणतात? हे पत्र बसवाल्याच्या हाती देतोय, कारण घरातला फोन तुमच्या बहिणीच्या, एनेलेसीच्या, उशाशी असतो.

आधी एक हिशेब ऐका. तुमच्या फालोम्बेच्या नातेवाइकांचं मरण मला अकरा वर्षांत चाळीस टोपल्या पिठाला पडलं. दर तीन महिन्यांनी तिथे कोणीतरी जायचंच. एनेलेसी पिठाची टोपली घेऊन भाड्याच्या सायकलीवर मागे बसायची आणि संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन परत. मी म्हणायचो, "नातेवाइकांचं गाव आहे की दफनभूमी?" ती म्हणायची, "बारीक दळा. म्हातारी माणसं जेवायला असतात तिथं." मी बारीक दळायचो. माझ्या गिरणीत भरड निघत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाकीचे गिरणीवाले तुटका पट्टा सुतळीनं शिवून चालवतात. मी दर तीन महिन्यांनी लिंबे शहरात जाऊन नवा आणतो. लोकांना सायकलवर वाहून वर आलेला माणूस मी, पण धंद्यात कंजुषी केली नाही.

तर गेल्या महिन्यात बाजारात एलुबी मावशी भेटली. हिला मी दोन वर्षांपूर्वी टोपलीभर पीठ देऊन पुरली होती. तुरीच्या शेंगांच्या ढिगामागून ओरडली, "काय जावई, पोट सुटलं! गिऱ्हाइकांचं पीठ खाता वाटतं?" शेंगा घेतल्या. मेलेल्या बाईनं माप मात्र भरघोस दिलं.

घरी येऊन शेंगा एनेलेसीपुढे ठेवल्या. म्हटलं, "तुझ्या मावशीच्या आहेत. तब्येत बरी आहे तिची." ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "दार लावा."

मेहुणे, आमच्या लग्नात कोंबडा-कोंबडीची अदलाबदल तिच्या बाजूनं तुमच्या हातून झाली. तिच्या बाबतीत काही बोलायचं तर ते तुमच्यापाशीच. गाव तिचं, अंगण तिच्या आईचं. तिथे राहायला आलेल्या नवऱ्याचा आवाज केवढा, ते तुम्ही जाणता. म्हणून लिहितो.

तिला एचआयव्ही आहे. धाकटी पोटात असताना कळलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी एक गोळी. फालोम्बेत कोणी मरत नव्हतं. ती टेकडीपलीकडच्या दवाखान्यात डबी आणायला जायची. पीठ रांगेतल्या उपाशी बायकांत वाटून टाकायची. "रिकाम्या पोटी गोळी घेतली की गरगरतं," म्हणाली. "तुमचं पीठ वाया नाही गेलं."

आता गोळी लागू पडत नाही. नर्सनं विचारलं, चुकवलीस का? चुकवली होती. डबी कोंबड्यांच्या खुराड्याखाली. संध्याकाळी मी इंजिन बंद करायला गेलो की ती पटकन गिळायची. गेल्या वर्षी डिझेल मिळेना, ते महिने आठवतात? मी तुम्हाला फोनवर फुशारकीनं सांगितलं होतं, गावच्या मुखियासारखा अंगणात बसून बायकोबरोबर भुईमूग खातोय म्हणून. ती म्हणते, "तुम्ही खुराड्यासमोरून हलतच नव्हता. घेऊ कधी?" गिरणी बंद, त्या दिवशी गोळी बंद.

नर्स म्हणते, रक्त तपासायला ब्लँटायरला पाठवू, दुसऱ्या गोळ्या देऊ. जास्त आहेत, मोठ्या आहेत, पोट ढवळतं. एनेलेसी नको म्हणते. "आईला पुरलं त्या दिवशीसुद्धा घेतली मी. अकरा वर्षं लपून गिळलं. आता पुन्हा पहिल्यापासून लपायचं? माझ्यात जोर नाही." दंड तिचा माझ्या मुठीत मावतो. कणसं सोलता सोलता मध्येच बसते.

मी म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "दर तीन महिन्यांनी पट्टा तुटणारी गिरणी मी दुसरी पाहिली नाही."

"जड काम आहे. झिजतो पट्टा."

"बरं," ती म्हणाली. आणखी थोड्या शेंगा सोलल्या. "तुम्ही सांगाल, मग मी सांगेन, असं म्हणत होते. मी आधी बोलले असते, तर तुम्ही चादर उचलून तुमच्या गावाला गेला असता."

मेहुणे, त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी उठून शेळ्या बांधायला गेलो. शेळ्या बांधलेल्याच होत्या.

तिनं एक अट घातली आहे. "जाईन मी. पण मंगळवारी तुम्ही बरोबर चला. आपल्याच गावच्या दवाखान्यात, तुमची डबी हातात घेऊन माझ्या मागे रांगेत उभे राहा." त्या रांगेतल्या निम्म्या बाया माझ्याकडे दळायला येतात. माझ्या ओट्यावर बसून त्या कोणाकोणाची सालं काढतात, ते मी बारा वर्षं ऐकतोय. हसतोही.

गेल्या मंगळवारी निघालो होतो. दवाखान्याच्या अलीकडच्या आंब्यापर्यंत गेलो. तिथून रांग दिसली. म्हटलं, "इंजिनाचा आवाज बरा नव्हता सकाळी, बघून येतो." ती रागावली नाही. "पट्टा तुटला असेल," एवढंच म्हणाली, आणि माझ्या मागोमाग घरी आली. रांगेत नाही गेली.

म्हणून विनवतो, या. किंवा निरोप धाडा, की नवऱ्यासाठी अडून बसू नकोस, एकटी जा. तुमचा शब्द ती मोडणार नाही. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलंय. वाचताना तुम्हाला कसं दिसेल ते मला कळतं.

तुम्ही विचाराल, कोणती डबी? तर तीही लिहितो, अजून कोणापाशी बोललेलो नाही. नऊ वर्षं मी लिंबेला त्याच गोळ्या आणायला जातो. गिरणीत ग्रीसच्या डब्यामागे ठेवतो, रोज इंजिन बंद केलं की घेतो; डिझेल नव्हतं तेव्हा पहाटे कुलूप बघायच्या निमित्तानं जाऊन घ्यायचो. एकही चुकलेली नाही. मला लपवायला जागा होती. दुखणं घरात कोणी आणलं, ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

परवा मंगळवार. तुमचा निरोप तोवर पोचणार नाही, हे मला माहीत आहे.

आणि पट्ट्याचं म्हणाल, तर गिरणी सुरू झाली त्या दिवशी तुम्ही आणि मी मिळून चढवला, तोच आहे. दोन ठिकाणी सुतळीनं शिवलाय.

एनेलेसीचा नवरा,
फायसन