आल्विन झाइबोल्डचा हळू आवाज

लिंडेनबाख
१७ मार्च १९६३

ती. ओटिली आत्यास,
रोझविथाचा सा. न. आज खुशालीनं सुरुवात करता येत नाही, रागावू नकोस.

पपांना काल दुपारी पकडून नेलं. काचघरात जिरेनियमची रोपं कुंड्यांत लावत होते. साध्या कपड्यांतले दोन पोलीस आले, नाव विचारलं. पपांनी हात धुतले, एप्रन खुंटीला अडकवला, मला सांगितलं की संध्याकाळी रोपांना बेतानं पाणी घाल, आणि गाडीत जाऊन बसले. बाजारात निघाल्यासारखे!

आरोप ऐकशील तर हसशील. मला तर रडू आलं. पोलंडमध्ये बुग नदीजवळ ज्यूंना मारायची छावणी होती ना, तिथं पपा अधिकारी होते म्हणे. वकील डोर्न म्हणतात की पपांच्या तुकडीत आणखी एक झाइबोल्ड होता, तो मेला, आणि त्याचं पाप यांच्या माथी आलंय. पपा तर तेव्हा लष्कराच्या धान्यगोदामावर होते. हे तू येऊन सांगायला हवंस. आई गेल्यावर आपल्या घरातलं तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

बेकरीवालीनं आज पाव दिला, पण सुटे पैसे हातात न देता फळीवर टाकले. तिच्या नवऱ्याच्या शवपेटीवरची फुलं पपांनीच फुकट दिली होती, हे मी तिला चारचौघांत ऐकवलं. तू असतीस तर छत्रीच उगारली असतीस.

लवकर ये. तुझी माया आहेच, या दिवसांत जरा जास्तच लागणार आहे.

तुझी
रोझविथा


ओबरहाइड
२४ मार्च १९६३

चि. रोझविथास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं.

आपला आल्विन? ज्याला कोंबडी मारवत नसे, मलाच मारावी लागे आणि हा तोवर गोठ्यामागं जाऊन उभा राही, तो? लोकांना वीस वर्षांनी हे कसलं खूळ सुचलं आहे?

पण पोरी, साक्षीला मी येत नाही. गुडघे जिना चढू देत नाहीत, आगगाडी तर दूरच. आणि येऊन सांगणार काय? तो गोदामावर आहे असं त्यानं लिहिलं, ते मी वाचलं, एवढंच. तूही कोर्टाची पायरी चढू नकोस. तू शाळेत शिकवतेस त्या पोरांच्या आयांना बोलायला निमित्त होईल. तोंड बंद ठेवून दिवस काढलेले बरे असतात, ही माझी शिकवण धर.

प्लमचा मुरांबा पाठवते आहे. वकिलाला नेऊन देऊ नकोस, तूच खा. काट्यासारखी वाळली असशील.

तुझ्या काळजीत असणारी
आत्या


लिंडेनबाख
८ नोव्हेंबर १९६४

ती. आत्यास,
सा. न. तुझं न ऐकता कोर्टात जाते आहे. खटला सुरू झाल्यापासून एक दिवस चुकवला नाही. लेक मागं बसलेली दिसली की पपांना धीर येईल असं वाटलं.

बुधवारी हैफाहून आलेल्या वाइनराख नावाच्या गृहस्थांची साक्ष झाली. छावणीत त्यांना कामासाठी जिवंत ठेवलं होतं, अंगणात पडलेले कपडे उचलायला. ते म्हणाले की माणसांनी भरलेली आगगाडी आली की एक पांढऱ्या कोटातला अधिकारी पुढं यायचा आणि लोकांशी मऊपणानं बोलायचा. प्रवासानं दमला असाल, आता आंघोळ करा, मग सूप मिळेल, असं. बायका त्याचे आभार मानायच्या. ती माणसं परत दिसायची नाहीत.

डोर्नसाहेबांनी विचारलं की इतक्या वर्षांनी हाच तो चेहरा, अशी शपथ घ्याल का. वाइनराख पपांकडं नीट बघून म्हणाले की नाही, चेहऱ्याची शपथ घेता येणार नाही. डोर्न खूश होऊन बसले. मीसुद्धा सुटकेचा निःश्वास टाकला, आत्या. तेवढ्यात ते म्हणाले की चेहरा विसरलो, पण बोलणं विसरलो नाही. कपडे काढताना तो अधिकारी दर वेळी सांगायचा, की बूट नाडीनं एकमेकांना बांधून ठेवा, एकटा पडलेला बूट कुणाच्या कामाचा नाही, बिचारा.

बिचारा. बुटाला बिचारा म्हणणारं माणूस जगात मी एकच पाहिलं आहे. नदीवर पोहायला गेलं की पपा मला हेच सांगायचे, याच शब्दांत.

कोर्टात कुणाला काही कळलं नाही. पपांनी मात्र मान वळवून माझ्याकडं पाहिलं. साक्षीदाराकडं नाही, न्यायाधीशाकडं नाही.

शुक्रवारी तुरुंगात भेटले. आधी तिथल्या सूपाची तक्रार केली. मी सरळ विचारलं तेव्हा म्हणाले की आपण कुणावर हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. बाकीचे चाबूक चालवत. आपल्यामुळं माणसं न घाबरता गेली, हे काय कमी झालं? अगदी समजूत घातल्यासारखं बोलत होते. आणि वर म्हणाले, की तू एवढी दचकतेस कशाला, ओटिलीला विचार, ती तिकडं येऊन राहून गेली आहे.

आत्या, हे खोटं आहे एवढं लिही. तू लिहिलंस तर मी मानेन.

रोझविथा


ओबरहाइड
१५ नोव्हेंबर १९६४

चि. रोझविथास,
आशीर्वाद.

आल्विननं माझं नाव घ्यायला नको होतं. सख्ख्या बहिणीला असं उघडं पाडतात का?

हो, गेले होते. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात. तळ्याकाठी त्यानं घर घेतलं होतं, छावणीपासून लांब. हवा चांगली होती, फक्त वारा फिरला की वास यायचा. कचरा जाळतात असं तो म्हणाला. मी पुढं विचारलं नाही. विचारून काय करणार होते? आईविना पोर माझ्या पदरात टाकून तो गेला होता. तुला दूध, लोणी, शाळा, सगळं त्याच्याच पगारातून.

मला काय माहीत होतं असं तू विचारशील. तू जेवढं अंगावर घातलंस तेवढं. तुझा तो निळा कोट, मखमली गळ्याचा, जो घालून तू नाताळात चर्चभर मिरवलीस, तो मी तिथूनच आणला. अस्तराला दुसऱ्या मुलीचं नाव शिवलेलं होतं. मी ते उसवलं आणि तुझं शिवलं. थंडीत गारठलीस का तू? नाही ना?

तेव्हा आता शहाणी हो. बुटांचं तुला कुणी विचारलेलं नाही. कुणी विचारलं नाही तर सांगायचं नाही. त्या माणसाला शपथ घेता आली नाही, आल्विन सुटेल, घरी येईल. बाप आहे तो तुझा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

आत्या


लिंडेनबाख
२१ फेब्रुवारी १९६५

ओटिली आत्यांस,

मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून स्वतःच सरकारी वकिलाकडं गेले. न्यायाधीशांनी समजावलं, की तुम्ही मुलगी आहात, बापाविरुद्ध बोलायची कायद्यानं सक्ती नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. मग ते बुटांचं वाक्य सांगितलं, नदीचं सांगितलं. कोटाचंही सांगितलं, तुमच्या नावासकट.

तासाभरानंही मी उभ्यानं बोलतच होते. तेव्हा पपा पिंजऱ्यातून हळूच म्हणाले की रोझविथा, दमलीस, बस आता बाळ. खटला संपेपर्यंत थांबलेले वाइनराख जागेवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले की आता मी शपथ घेतो.

बाहेर ते मला भेटले. आभार मानले नाहीत. घरी पोचवायला कुणी आहे का एवढंच विचारलं.

जन्मठेप झाली. निकाल ऐकून पपांनी मला बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांच्या दृष्टीनं दगा मी दिला. मला सत्तावीस वर्षं ज्यांनी मांडीवर, मुरांब्यावर आणि थापांवर वाढवलं, त्यांनी कुणालाच दिला नाही.

तुम्हाला या पत्रानंतर पत्र नाही. एकच मागते, तेवढं द्या. उसवलंत ते नाव काय होतं?

रोझविथा झाइबोल्ड


ओबरहाइड
२८ फेब्रुवारी १९६५

चि. रोझविथास,
आशीर्वाद आहेतच, घे किंवा घेऊ नकोस.

मला तुम्ही म्हणायला कधी शिकलीस? वाचून जेवण गेलं नाही.

नाव आठवत नाही. लाल धागा होता. टाके फार बारीक घातले होते, कुणा हौशी बाईचा हात असणार. उसवायला दुपार गेली माझी.

इकडं बर्फ वितळलं आहे. तू कशी आहेस ते कळव.

तुझीच
आत्या