अंगणातल्या गोगलगायीचा वारस

मी, जनकाबाई, कैलासवासी नव्हे तर प्रभुवासी ग्यानबा खिल्लारे यांची पत्नी, धर्माने ख्रिस्ती, धंदा सेवानिवृत्त बालवर्गशिक्षिका, वय सत्तरच्या पुढे (मिशनच्या रजिस्टरात एक साल आहे, माझी आई दुसरेच सांगत असे), राहणार जुन्या छावणीची गल्ली, हिंगोली, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या चष्म्याने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट, "आत्ताच काय घाई आहे" असे सगळ्यांनी म्हणून झाले, त्यामुळेच घाई केली. माझे डोके ठिकाणावर आहे. खुबा ठिकाणावर नाही, पण कायदा डोक्याचेच विचारतो. याआधी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द आहेत. ती चुलीत घातली आहेत, शोधत बसू नये.

कलम पहिले, माझी माती. ग्यानबांच्या शेजारी पुरावे. नरसिंग गिरणीवाल्याचा लाउडस्पीकर लावू नये. तो लग्नाला लावतात, बारशाला लावतात, निवडणुकीलाही लावतात. मला निदान एक दिवस शांतता मिळावी.

कलम दुसरे, पोस्टातली शिल्लक आणि सोन्याच्या दोन बांगड्या. या माझी मुलगी पद्मा हिला द्याव्यात. ती परभणीला मुख्याध्यापिका आहे आणि तिला कशाची गरज नाही, हे ती स्वतःच येता-जाता सांगते. तरी द्याव्यात. शिवणयंत्र सूनबाईला द्यावे. तिने ते नीट तेल घालून ठेवले आहे, याची मी इथे लेखी कबुली देते, कारण तोंडाने मी ती कधी दिलेली नाही.

कलम तिसरे, घर आणि अंगण. भांडण होणार ते अंगणावरून. म्हणून आधी त्या अंगणात काय होते ते सांगते. तोंडी सांगून सांगून माझी जीभ झिजली, आता कागद झिजवते.

मी विशीत असताना मिशनच्या दवाखान्यात एका जर्मन डॉक्टरांची पत्नी आली होती. आम्ही त्यांना मॅडम म्हणत असू. लहान मुलांनी हाताने काम करावे, ऋतू बघावा, मग पुस्तक धरावे, अशा मताच्या एका शाळेत त्या त्यांच्या मुलखात शिकल्या होत्या. नाताळच्या आधीचे चार रविवार, ज्याला आपण आगमनकाळ म्हणतो, तो कसा पाळायचा हे त्यांनी मला शिकवले. खिडकीशी एक मेज मांडायचे. पहिल्या आठवड्यात त्यावर फक्त दगड. दुसऱ्या आठवड्यात झाडपाला. तिसऱ्यात जनावरे, चौथ्यात माणसे. बाळ येणार ते चोवीस तारखेच्या संध्याकाळी, त्याआधी नाही. जनावरे धनगराकडच्या लोकरीची करायची, मेंढपाळ मधमाशीच्या मेणाचे. मेण हातात धरून ऊब द्यायची, ते आपोआप मऊ होते. चाकू लावायचा नाही. बाहुल्यांना नाकडोळे काढायचे नाहीत, ते ज्याने त्याने मनात काढायचे.

आणि पहिल्या रविवारी, दिवस मावळला की, अंगणात वाट. मध्ये बाभळीचा खुंटा ठोकायचा, त्याला दोर बांधायचा आणि दोर ताणून फिरत राहायचे. दोर खुंट्याला गुंडाळत जातो तशी वाट आत आत वळत जाते. तिच्या कडेने त्यांच्याकडे हिरव्या फांद्या घालतात, आम्ही कडबा आणि निंबाचा पाला घातला. त्यांच्याकडे सफरचंदात मेणबत्ती खोचतात. हिंगोलीत सफरचंद फक्त आजाऱ्याला मिळते, म्हणून आम्ही जाम घेतले, ज्यांना पुण्याकडचे लोक पेरू म्हणतात. लेकराने न पेटवलेली मेणबत्ती घेऊन आत जायचे, मध्ये खुंट्याशी ठेवलेल्या दिव्यावर ती पेटवायची आणि परत येताना वाटेच्या कडेला ठेवायची. एकेकाने जायचे. कोणी कोणाचा हात धरायचा नाही. मेणबत्ती विझली तर मध्यापर्यंत पुन्हा जायचे, दुसऱ्याच्या मेणबत्तीवर पेटवायची नाही. शेवटचे लेकरू बाहेर आले की काळोख्या अंगणात सगळी वाट उजळलेली असते. गल्लीतल्या पोरांनी तिला गोगलगाय नाव दिले. मॅडमना ते आवडले.

लढाई सुरू झाली तेव्हा सरकारने त्यांना नेले. जाताना त्यांनी मेणाचे मेंढपाळ आणि लोकर असलेली पेटी माझ्या हातात दिली. तेव्हापासून एकही आगमनकाळ चुकलेला नाही. रझाकारांच्या वर्षी गोगलगाय घरात केली, ताटाएवढी. दुष्काळाच्या वर्षी कडबा जनावरांच्या तोंडचा, म्हणून कयाधू नदीतले दगड आणून मांडले. गोगलगाय माझ्यामागे चालू राहावी, एवढीच माझी इच्छा आहे. बाकीच्या वस्तू उंदरांनी खाल्ल्या तरी मला वाईट वाटणार नाही.

आता वारसांकडे वळते.

माझा मुलगा सोनाजी. स्वभावाने गरीब, पण डोक्यात सिमेंट. एसटी स्टँड जवळ आल्यापासून त्याला अंगण दिसतच नाही, गाळे दिसतात. "माय, कडब्यानं गोल काढायला एवढी जागा लागती काय? इथं जीप दुरुस्तीचा गाळा काढला तर बसून खाशील तू." मी म्हटले, मी उभ्याने खाते, मला चालते. मागल्या वर्षी त्याने नांदेडहून प्लास्टिकचे बाळ आणले, निळ्या डोळ्यांचे, पोट दाबले की शिट्टी वाजवणारे. ते मेजावरच्या गोठ्यात ठेवले. मेंढपाळांपेक्षा मोठे.

माझी मुलगी पद्मा. तिला सगळे आवडते, पण आटोपायचे असते. तिच्या शाळेत ती चारही आठवडे एका तासात घेते. दगड, पाला, जनावरे, माणसे आणि बाळ, सगळे पहिल्याच दिवशी मेजावर. "आई, मुलांना एकदम चित्र दिसलं पाहिजे." अगं, पण वाट बघणे हेच तर त्या चार आठवड्यांचे काम आहे. हे मी तिला नऊ महिने पोटात ठेवून शिकवणार होते, पण ती सातव्या महिन्यातच आली.

सूनबाईने बिनतोंडाच्या योसेफाला पेनाने मिशा काढल्या. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आणि समोरची शालूबाई नरवाडे. ही वारस नाही, ही तकलीफ आहे. गल्लीच्या पलीकडे तिचे घर, तिची म्हैस आणि तिचे तोंड. ती बौद्ध आहे, मी ख्रिस्ती. मेणबत्त्या आम्ही दोघी एकाच दुकानातून आणतो आणि दुकानदाराशी दोघीही भांडतो. गोगलगायीवर तिने दरवर्षी टीका केली. "मास्तरीणबाई, काहून येड्यावानी गोल गोल फिरवून राहिलात लेकरांना? सरळ गेलं तर चार पावलांत दिवा लागंल." मी सांगितले, सरळ जायचे असते तर दिवा घरातच लावला असता. ती म्हणाली, "मंग लावा की घरात, कडबा तरी वाचंल." ओट्यावर बसून शेंगा सोलत ती शेवटचे लेकरू बाहेर येईपर्यंत बघायची आणि मग म्हणायची, न्हाई बा, काई कळलं न्हाई.

कलम चौथे, यंदा काय घडले. हे कलमात बसत नाही, पण पुढची कलमे यावाचून कळणार नाहीत. दिवाळीनंतर मी ओट्यावरून पडले आणि खुब्याला जबर मार बसला. आगमनकाळाचा पहिला रविवार आला तेव्हा मी खाटेवर होते. सोनाजी म्हणाला, तू काळजी करू नको, मी करतो. पद्मा परभणीहून आली, म्हणाली, मी करते. मी खरेच काळजी सोडली, ही माझी शेवटची मूर्खपणाची गोष्ट समजावी. सोनाजीने नरसिंगच्या गिरणीतून तार ओढून अंगणभर रंगीत बल्ब लावले आणि तो लाउडस्पीकरही आणला. पद्माने मेजावर सगळे मांडून टाकले, शिट्टीच्या बाळासकट. पोरे आली, तोंड वर करून बल्ब बघितले, गाणे ऐकले. चालायला वाटच नव्हती. मी भिंतीकडे तोंड करून पडले. माझ्याबरोबर हेही संपणार, असे वाटले आणि ते फार वाईट वाटले.

थोड्या वेळाने लक्षात आले की अंगणात पोरांचा आवाज नाही. सोनाजीला विचारले. तो अपराध्यासारखा म्हणाला, "समोर गेलीत समदी. शालूमावशीकडं."

दुपारी ती माझ्या पडवीतून खुंटा आणि पेटी उचलून घेऊन गेली होती. कोणाला विचारले नाही. मला उचला म्हटले. सोनाजी आणि बाबूसिंग यांनी खाट उचलून गल्ली ओलांडली. बाबूसिंग म्हणजे शेजारचे निवृत्त कंडक्टर, त्यांनी वाटेत दोनदा "आगे चलो" म्हटले. मी काही कौतुकाला जात नव्हते. चुका सांगायला जात होते.

आणि चुका होत्याच. वाट उलट्या अंगाने वळवलेली, कारण सुलट्या बाजूला म्हैस बांधलेली. दोराच्या जागी म्हशीचे दावे. निंबाच्या जागी तुरीच्या डहाळ्या, शेंगांसकट. जाम पोरांनी आधीच खाऊन टाकलेले, म्हणून मेणबत्त्या अर्ध्या कापलेल्या वांग्यांत. मी तोंड उघडले, तर एक पोरगी म्हणाली, "आजी, तुमचा नंबर हाय." माझ्या हातात वांगे दिले.

मी काठी घेऊन उठले. सोनाजी दंड धरायला पुढे आला. तेवढ्यात शालूबाई म्हशीजवळून ओरडली, "सोन्या, हात सोड. कोनी कोनाला धरायचं न्हाई, तिचाच कायदा हाय."

सोनाजीने हात सोडला. मी गेले. खुबा इतका दुखत होता की मॅडमनाही दोन शब्द ऐकवावेसे वाटले. मध्यापर्यंत पोचून मेणबत्ती पेटवली, वळले, आणि म्हशीने शेपूट हलवले की वारा सुटला कोण जाणे, ती विझली. बाहेर यायला थोडेच राहिले होते. शेजारीच एका लेकराची मेणबत्ती जळत होती, मी वाकले. सगळी पोरे एका सुरात म्हणाली, "परत जा." माझ्याच आवाजात म्हणाली. शालूबाई हसत होती. मला इतका संताप आला की त्या संतापाच्या बळावर मी पुन्हा आत गेले, पुन्हा पेटवली आणि बाहेर येऊन ते वांगे त्या तुरीच्या डहाळीशी ठेवले. मग मागे बघितले. सगळी वाट उजळली होती. मला रडू आले. कायदेशीर कागदात असे लिहू नये म्हणतात, पण हे माझ्या हाताने लिहिलेले आहे आणि खरे आहे. समोर माझ्या अंगणात बल्ब लागले होते आणि तिथे एकही लेकरू नव्हते.

कलम पाचवे, सबब. घर आणि अंगण मी सोनाजीला देते. आधीच्या मृत्युपत्रांत मी अट घातली होती की अंगणात बांधकाम करू नये आणि दरवर्षी गोगलगाय काढावी, न काढल्यास जागा मिशनला जावी. ती अट घालत नाही. बाबा, काढ तुझे गाळे. जीप दुरुस्त कर. पद्माला हे आधीच सांगितले आहे. ती रडली, मग घड्याळ बघून एसटीला गेली.

कलम सहावे. बाभळीचा खुंटा, पेटी, मेणाचे मेंढपाळ, लोकर आणि लोकरीची सर्व जनावरे शालूबाई नरवाडे हिला द्यावीत. सोबत या सूचना: वाट सुलट्या अंगाने काढावी, म्हैस हलवावी. वांगी वापरू नयेत. बाळ चोवीस तारखेपूर्वी मेजावर दिसू नये. शालूबाईने हे पाळावे अशी माझी इच्छा आहे. ती पाळेल अशी माझी अपेक्षा नाही. तरी द्यावीत.

येथवर लिहून मी साक्षीदारांना बोलावले. बाबूसिंग आले, नरसिंग आले, आणि न बोलावता शालूबाई आली. रात्रशाळेत सही शिकल्यापासून तिला कुठेही सही करायची हौस आहे. मी सांगितले की तुला सही करता येणार नाही. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष घातली तर आम्हा ख्रिस्ती लोकांच्या कायद्याने त्याचे ते मिळणे रद्द होते.

"मला काय मिळून राहिलं?" तिने विचारले. मी कलम सहावे वाचून दाखवले.

"ती पेटी?" ती म्हणाली. "ती तर तवापासून माझ्याच घरात हाय. लोकरीच्या मेंढीला पोरांनी दोन कोकरं केली, तुमाला दाखवायचीच राहिली. तुमी मरायची वाट काहून बघू मी? आन् सहीला जागा कुठं हाय ते सांगा, मला धार काढायची हाय."

मी पेन पुन्हा हातात घेतले. सबब, ज्या वस्तू माझ्या हयातीतच, माझ्या डोळ्यांदेखत आणि मला न विचारता गेल्या आहेत, त्या मृत्युपत्रात येत नाहीत. वरील कलम सहावे मी खोडले आहे. खाडाखोड माझीच आहे, शेजारी आद्याक्षरे घातली आहेत. शालूबाईने साक्षीदार म्हणून सही करावी.

लिहून ठेवणार: जनकाबाई ग्यानबा खिल्लारे, सही.

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर केली:
बाबूसिंग ठाकूर, निवृत्त एसटी कंडक्टर, सही.
नरसिंग, पिठाची गिरणी, सही.
शालूबाई नरवाडे, राहणार समोर, सही. (दोन ओळी व्यापल्या आहेत. पूर्ण नाव आहे.)

ठिकाण हिंगोली. दिनांक ११ जानेवारी १९७५.