आमच्या घरी अजून जूनच आहे

दिनांक : भिंतीवर जून, बाकी जगात जुलै

प्रिय भोंग्या,

खर्र... टक. खर्र... टक. आठवतोय का हा आवाज? पाचवीच्या वर्गात फळ्याशेजारी कॅलेंडर असायचं. खिडकीतून वारा आला की त्याची खालची पत्र्याची पट्टी भिंतीवर घासायची आणि चुन्यावर अर्धा चंद्र उमटायचा. मास्तर कविता म्हणून घ्यायचे, तू सगळ्यांच्या वरच्या पट्टीत ओरडायचास (त्यातूनच तुझं बारसं झालं), आणि मी त्या कॅलेंडरच्या चित्रातल्या पंखवाल्या घोड्यावर बसून केव्हाच वर्गाबाहेर गेलेला असायचो. ‘कवी, आहात कुठे?’ असं मास्तर विचारायचे. खरं उत्तर द्यायची माझी कधी छाती झाली नाही.

पण हे बघ, मायना राहिलाच. तू आता नुसता बाकसोबती नाहीस, हिचा थोरला भाऊ आहेस. तेव्हा मेहुणेसाहेबांना साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, माझे गुडघे तुला माहीत आहेत.) आपण सर्व मंडळी खुशाल असाल, वहिनींच्या मुरगळलेल्या पायाची सूज उतरली असेल, अशी आशा करतो. ‘आपण’ संपलं. माझी शाई चोरून वापरणाऱ्याला याहून जास्त अहो-जाहो माझ्याच्यानं होणार नाही.

इकडे सगळं ठीक आहे. वरण मला जमतं, भात जवळजवळ जमतो, आणि कुंड्यांना पाणी वेळेवर मिळतं. तुझी बहीण वहिनींच्या मदतीला तिकडे आली म्हणून माझं काही अडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घोळ झालाय तो फक्त कॅलेंडरचा.

हे कॅलेंडर आमच्या चष्मेवाल्यानं दिलेलं. दरवर्षी त्याच्याकडून मोठाल्या आकड्यांचं कॅलेंडर यायचं, मधे एक भलामोठा डोळा. यंदा त्याला कुठून बुद्धी झाली कोण जाणे! गुंडाळी सोडली तर जानेवारीत एक ड्रॅगन डोंगराला वेटोळं घालून झोपलेला, आणि त्याच्या पाठीवर अख्खं गाव वसलेलं, धुराड्यांतून धूर निघतोय. खाली ठळक अक्षरांत, ‘डोळे वेळेवर तपासून घ्या’. पुढे महिन्यामहिन्यानं पान उलटलं तसं फेब्रुवारीत ढगांतून चाललेलं गलबत, नांगर एका झाडाच्या शेंड्यात अडकलेला. एप्रिलमध्ये समुद्राच्या तळाशी शहर आणि रस्त्यावरचे दिवे लावत निघालेला म्हातारा मासा. भोंग्या, पहिल्याच दिवशी मी खुर्ची ओढून ड्रॅगनसमोर बसलो तो चहा गार झाला तरी उठलो नाही. पाचवीतून जो घोडा सुटला होता तो परत आल्यासारखं वाटलं.

ही आधी नाक मुरडून म्हणाली, “दुधाचा खाडा कुठे लिहू? ड्रॅगनच्या पोटावर?” आणि लिहिलान खरोखरच, शेपटीपाशी. पण आठवड्याभरानं बघतो तर भाजी निवडायचं ताट घेऊन बाईसाहेब त्याच भिंतीसमोर! म्हणाली, “त्या तिसऱ्या घरातली बाई कपडे वाळत घालतेय. ड्रॅगन कुशीवर वळला तर तिच्या दोरीचं काय होईल?” चाळीस वर्षं संसार केला, पण हा प्रश्न विचारणारी बाई माझ्या घरात राहते हे मला माहीतच नव्हतं.

मग आमचा नियम ठरला. पुढचं पान आधी बघायचं नाही. एक तारखेला सकाळी चहा झाला की दोघांनी दोन कोपरे धरायचे आणि एकदम उलटायचं. तोवर पुढच्या चित्रात काय असेल यावर भांडायचं. मे महिन्यात मी चित्राखाली दोन ओळीही लिहिल्या:

निळ्या ढगांच्या पायरीवरती दिवा कुणाचा जळतो गं,
दार उघडुनी उभे कोण हे, पाय कुणाचा वळतो गं?

(ही म्हणाली, “हे ‘गं’ कुणाला?” मी म्हटलं, वृत्तासाठी आहे. “मग ठीक. मला वाटलं मलाच आहे, आणि माझ्या हातात कणीक आहे.”)

आता जून. जूनचं चित्र असं, की टेकडीच्या पोटात एक बुटकं दार आहे, दारापुढे कंदील घेतलेली म्हातारी, आणि दार बोटभर उघडं. आतून पिवळा उजेड येतोय. मी म्हणतो आत खजिना आहे आणि त्यावर कुणीतरी फुत्कारत बसलंय. ही म्हणते, छे, चूल पेटलीय आणि कुणीतरी तिची वाट बघत बसलंय. बाराही चित्रं वेगवेगळ्या चित्रकारांची आहेत, जुलैमध्ये त्या दाराचा पत्ताही नसेल, हे आम्हांला कळतं. तरी महिनाभर वाद घातला. आणि महिना संपता संपता वहिनींचा पाय मुरगळला. पिशवी भरता भरता ही म्हणाली, “मी आल्याशिवाय पान उलटायचं नाही.” मी शब्द दिला.

इथून पुढचं सगळं त्या शब्दामुळे झालं. महिना जुलै आहे हे मला कळतं रे, इतका काही मी गेलेला नाही. पण तारीख बघायला मान आपोआप भिंतीकडे वळते. मंगळवार होता, खरी तारीख सात, पण भिंतीवर मंगळवारी नऊ, आणि नऊला दाताच्या डॉक्टरकडे दात साफ करून घ्यायचे होते. गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “या आजोबा, तुमचीच वाट बघतोय.” बरं वाटलं. (हल्ली असं कोण म्हणतं?) खुर्चीत बसतो न बसतो तोच तोंडात कापूस, आणि डॉक्टर विचारतात, “खालचा डावा काढायचा ना?” मी म्हटलं “अं अं”. कापूस भरलेल्या तोंडातलं ‘नाही’ आणि ‘हो’ डॉक्टरांना सारखंच ऐकू येतं. सुई जवळ आली तेवढ्यात गाल सुजलेले एक गृहस्थ दारात येऊन ओरडले, “अहो, तो माझा दात आहे!” जगात तेवढे गोड शब्द मी दुसरे ऐकले नाहीत.

तरीही मी काय समजलो, तर घोळ दवाखान्याचा. भिंत कशाला खोटं बोलेल? गुरुवारी भिंतीवर अकरा तारीख, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कांचा वाढदिवस. फुलं घेऊन गेलो. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, फुलं पाहिली आणि तिचा चेहरा पडला. नवऱ्याचा वाढदिवस विसरल्याचा पडतो तसा. हेडक्लार्क आतून आले, फुलं पाहून जरा दचकले, आणि लाजत म्हणाले, “अहो, कशाला उगाच!” आपलाच वाढदिवस विसरलो हे कबूल कोण करणार? मग गोड झालं, चहा झाला, मी कविता म्हटली. शनिवारी, म्हणजे खऱ्या अकरा तारखेला, सकाळी त्यांच्या मुलीचा शुभेच्छांचा फोन आला तेव्हा सगळं उघड झालं. आता जिन्यात भेटले की ते मला तारीख विचारतात.

मोह झाला नाही असं नाही. पंखा जोरात लावला की पानाचा खालचा कोपरा उचलला जातो आणि जुलैचं काहीतरी निळं दिसतं. म्हणून मी कपड्यांचा चिमटा लावून टाकलाय. ही रोज फोन करते. मी जेवलो का हे नंतर, आधी “चिमटा आहे ना?” मी म्हणतो आहे. मग जेवल्याचं सांगतो आणि फोन ठेवतो.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो मोजत बसत नाही.

तुझा,
कवी

ता. क. : हे पत्र हिला दाखवू नकोस. दाताचं तिला सांगितलेलं नाही.

ता. क. २ : खरं काम राहिलंच. वहिनींचा पाय बरा झाला असेल तर तसं मोठ्यानं म्हण, भोंगा कशाला दिलाय देवानं? बरा नसेल तर त्यांना विनंती कर, की हिच्यासमोर चार पावलं न लंगडता टाका. खजिन्याबद्दलचा माझा हट्ट मी सोडायला तयार आहे. आत चूलच असेल.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायला घेतलं तर जिन्यातून हाक, “अरे ए कवी, दार उघड!” असा आवाज दुनियेत एकाच माणसाचा आहे. दार उघडलं तर तू! म्हणालास, पाय अजून सुजलेलाच आहे, आणि बहिणीनं पाठवलंय: “ते कॅलेंडर घेऊन ये. माणूस यायला तयार असेल तर त्यालाही आण.” कुंड्यांचं मी हेडक्लार्कांना सांगतो, पाणी किती तारखेला घालायचं ते त्यांना बरोबर कळेल. तू हे पत्र इथेच खुर्चीत बसून वाच, तोवर मी पिशवी भरतो. कॅलेंडर काढशील तेव्हा जपून. चिमट्याला हात लावू नकोस.