दोनशे चौदा जणांची परवानगी

३ मे २०१८, डेटमोल्ड, जर्मनी
पंचवीस तारखेपासून नवा कायदा. लेखी संमती नसेल, तर जाहिरातीचा मेल पाठवणं धोक्याचं. उत्तम कायदा. अकरा वर्षं मी गिऱ्हाइकांना बातमीपत्र पाठवतोय. कधी कुणाला विचारलं? नाही. लाज वाटली.
निश्चय: यादीतल्या २१४ जणांना रीतसर विचारायचं. १८० तरी हो म्हणतील. (कमीच धरलेत.)
९ जूनची पुस्तकबांधणीची कार्यशाळा याच यादीवर भरते. यंदा किमान सहा जण आले नाहीत तर ऑगस्टमध्ये दुकान बंद, असं बायकोशी, हाइल्केशी, ठरलंय. म्हणूनच यादी स्वच्छ हवी.

७ मे
मसुदा चार पानी. हाइल्केने वाचला. म्हणाली, "अरे फोल्कमार, परवानगी मागतोयस की कबुलीजबाब देतोयस?" बायकोला कायद्याची गोडी नाही. पाठवला.

१० मे
होकार: शून्य. एक आपोआप आलेलं उत्तर: "रजेवर आहे." हा नकार नव्हे.
आईचा फोन. "तुला माझी परवानगी कधीपासून लागायला लागली? पाठव की!" संमती तोंडी आहे. धरता येत नाही.

१५ मे
टेगटमायर यांचं रजिस्टर पत्र. निवृत्त न्यायाधीश, माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. म्हणतात, परवानगी मागणारा मेल हीसुद्धा जाहिरातच. तिला तरी परवानगी कुठे होती? पुन्हा मेल करणार नाही असं लिहून द्या, मोडलंत तर दंड.
मुद्दा बिनतोड. सही केली. नेऊन दिली तेव्हा म्हणाले, "राग मानू नका लोहसे, तत्त्वाचा प्रश्न आहे. माझ्या रोजनिशीची बांधणी झाली का?"

१७ मे
चूक झाली तर माफी मागायला हवी. २१४ जणांना माफीचा मेल. तळाशी फक्त एक ओळ: कार्यशाळा ९ जून, सकाळी दहा.
हाइल्के: "टेगटमायरांनाही पाठवलास?"
मी म्हणालो, माफी आधी त्यांचीच मागायला नको का?
ती अंगणात निघून गेली.

१९ मे
टेगटमायर यांचं दुसरं पत्र. ती एक ओळ जाहिरात ठरते. दंड भरला. माणूस बारकाईने वाचतो, याचं समाधान.

२५ मे
लेखी संमती नसलेली सगळी नावं पुसली. यादीत उरलो मी. मी स्वतःला लेखी दिली होती. डेटमोल्डमध्ये इतकी निर्मळ यादी दुसरी नसेल.

९ जून, सकाळी
सहा खुर्च्या मांडल्या. मग नऊ केल्या.

९ जून, दुपारी
एकच आला. टेगटमायर. म्हणाले, "तुमचा मेल शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा मी एकटाच असेन." तीन तास बसून सुंदर शिवण घातली. जाताना म्हणाले, "मजा आली. पुढची कधी आहे? कळवा मला."
मी म्हणालो, कळवता येणार नाही. सही केली आहे.
"बरोबर आहे," म्हणाले, टोपी घातली आणि गेले.

संध्याकाळी आईचा फोन. "कार्यशाळा कधी आहे रे? कुणी काही कळवतच नाही. मी आणि माझ्या विणकाम-मंडळाच्या पाच जणी येणार होतो."
हाइल्के खुर्च्या मोजत होती.