टेबलाखालचा हात

ओश, १४ एप्रिल

प्रिय उल्कान एजे, माझी थोरली ताई,

तुला आणि आईला सलाम. मी बरा आहे. आईच्या गुडघ्यांचं मलम आणि तुझ्या मुलींना खडीसाखर या पत्रासोबत जीपवाल्याबरोबर धाडतोय. उद्या दुपारी पोचेल. माझा फोन तू चार वर्षं उचलत नाहीस, म्हणून पत्र. आईने दिलेले कुरुतचे, सुक्या दह्याचे गोळे दगड झालेत, पण रोज एक चघळतो.

एक सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात मी गावात येऊन गेलो. त्या दिवशीच्या बातम्या स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर आधीच वाचून, रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. संध्याकाळचे सात वाजले होते. घराघरांत टीव्ही चालू, प्रत्येक खिडकीत माझंच तोंड, आणि आवाज कुठेच नाही. चाळीस घरांत मी नुसते ओठ हलवत होतो. उंबऱ्यावरच्या सादिर आजोबांनी अंधारात मला ओळखलं नाही. आवाज का बंद, विचारलं, तर म्हणाले, "तोंडाचं काय ऐकायचं? आम्ही हात बघतो. कान चोळला की समजायचं, थाप आहे. पण आताशा लेकाचा हात टेबलाखाली असतो!"

लहानपणी मी साय चोरून 'मी नाही' म्हणताना कान चोळायचो, हे फक्त तुला ठाऊक. म्हणजे गावाला तूच सांगितलंस.

चार वर्षांपूर्वी बाबांच्या खाणीतल्या अपघाताची बातमी वाचताना 'जीवितहानी नाही' म्हटलं आणि माझा हात कानाकडे गेला. तू किंचाळत बाहेर पळालीस, असं आई सांगते. एजे, मला माहीत होतं. आत अकरा जण गाडले गेले होते, बाबाही. कागद दुसऱ्याने लिहिला, पण वाचला मी. त्याची लाज अजून जात नाही.

उद्याचा कागद आलाय: 'गावावरच्या डोंगराला धोका नाही.' भूगर्भवाल्यांचा अहवाल मी चोरून पाहिला. तडा वरच्या कुरणापासून तुझ्या गोठ्यापर्यंत आलाय. वेगळं काही वाचलं तर पडदा तिथेच काळा करतील. आणि या पत्रावर तरी तू का विश्वास ठेवशील?

म्हणून उद्या, हे पत्र पोचेल त्याच संध्याकाळी सातला, सगळ्या गावाला टीव्हीसमोर बसव. माझे हात टेबलावर असतील. त्या वाक्याला मी दोन्ही कान चोळेन, लाल होईपर्यंत. मग बातम्या संपायची वाट बघू नका. आईला घोड्यावर बसव आणि पलीकडच्या टेकडीवर जा.

आवाज बंदच ठेव.

तुझा खोटारडा भाऊ,
तालाय