अर्जदाराचे यजमान एकदाच वारले असल्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य महोदया,
खाडीकाठ कला व वाणिज्य महाविद्यालय,
कामोठे, नवी मुंबई.

विषय : तृतीय वर्ष कला शाखेतील विद्यार्थिनी कु. नमिता मढवी हिची दूरस्थ आंतरवासिता (चालू भाषेत रिमोट इंटर्नशिप) पूर्ण झाली असे मानून तिचे श्रेयांक देणेबाबत.

संदर्भ : १) ज्येष्ठसाद सामाजिक न्याय प्रतिष्ठान या संस्थेने कु. नमिताची आंतरवासिता रद्द केल्याबाबत आपणांस पाठविलेले पत्र.
२) त्याच संस्थेने अर्जदाराकडे सहीसाठी पाठविलेला तयार जबाब.

अर्जदार : श्रीमती सत्यभामा कान्हा घरत, वय ७१, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार नावडे गाव.

महोदया,

अर्जदाराची सारी नोकरी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. अर्ज एका पानात बसवावा आणि त्यात राग दिसू नये, हे तिने टेबलासमोर उभ्या राहिलेल्या असंख्य माणसांना ऐकवले आहे. प्रस्तुत अर्जात दोन्ही गोष्टी पाळणे तिला जमलेले नाही. त्याबद्दल आधीच क्षमा मागून ती मुद्द्यावर येते.

१. गेल्या वर्षी गावच्या समाजमंदिरात फुकट रक्तदाब तपासणीचे शिबिर भरले होते. अहवाल फोनवर येईल असे सांगून तिथे अर्जदाराचा नंबर लिहून घेण्यात आला. अहवाल आजतागायत आलेला नाही. फोन मात्र आला, आणि तेव्हा अर्जदारास कळले की उपरोक्त प्रतिष्ठानाच्या यादीत तिचे नाव 'एकाकी व वंचित ज्येष्ठ महिला' या सदराखाली दाखल झाले आहे. अर्जदाराचे स्वतःचे घर आहे. त्यातल्या तीन खोल्यांत तळोज्याच्या कारखान्यांत जाणारे भाडेकरू राहतात. तिला निवृत्तिवेतन आहे. मुलगी संध्या नाशिकला असते आणि भांडायला का होईना, रोज फोन करते. शेजारच्या धोंडूबाई मागच्या दाराने न विचारता आत येतात आणि चहात साखर कमी पडली म्हणून बोलून जातात. अशा बाईला एकाकी कोणत्या अंगाने ठरवले, याची विचारणा अर्जदाराने केली असता, 'मॅडम, ती कॅटेगरी सिस्टीममधून येते,' असे उत्तर मिळाले.

२. या संस्थेची कामाची रीत अशी की गावोगावचे विद्यार्थी आपापल्या घरी बसून यादीतल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करतात. महिना भरला की विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळते, तो ते समाजमाध्यमावर टाकतो, त्याखाली टाळ्यांची चित्रे पडतात, आणि पुढल्या महिन्यात नवा विद्यार्थी येतो. नवा आला की फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. नाव काय, मुले किती, यजमान हयात आहेत का. नाहीत म्हटले की कधी वारले, कशाने वारले, आणि त्याबद्दल तुम्हाला एक ते दहामध्ये किती एकटे वाटते.

अर्जदाराचे यजमान कै. कान्हा घरत हे रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर होते. ते एकदाच वारले. अर्जदाराच्या डोळ्यांदेखत वारले, आणि त्यांचे डोळे तिनेच मिटवले. या संस्थेच्या कागदोपत्री मात्र ते दर महिन्याच्या सुरुवातीस वारत होते. विपुल नावाचा एक मुलगा ते वारत असताना काहीतरी कुरकुरीत खात होता. एक मुलगी 'ओह, सो सॅड' म्हणाली आणि पाठोपाठ टाइप केल्याचा आवाज आला. पहिल्या दोन-तीन खेपांना हसू आले, हे अर्जदार नाकारत नाही. धोंडूबाईंनीही मजा करून घेतली. 'काय गो सत्यभामे, एक तारीख आली ना? आज परत मेला का गो तुजा नवरा?' असे त्या दारातूनच विचारीत. पुढे त्यांनीही विचारणे सोडून दिले. अर्जदारास या प्रकाराची शिसारी येऊ लागली होती, आणि ते तोंडावर दिसत असावे.

एका महिन्यात अर्जदाराने वैतागून एका मुलाला सांगून टाकले की यजमान हयात आहेत, बाजारात बोंबील आणायला गेले आहेत. 'ओके, गुड,' असे म्हणून त्याने खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या दिवशी अर्जदारास जेवण गेले नाही. खोटे बोलल्याचे दुःख नव्हते. ते खरोखरच बोंबील घेऊन येतील, असे घटकाभर वाटून गेले होते, याचे होते.

३. मग फोन बंद का केला नाही, असा प्रश्न आपणांस पडेल. संध्यालाही पडला. प्रत्येक मूल शेवटी अजीजीने म्हणे, 'आजी प्लीज, माझे मार्क्स आहेत.' टेबलासमोर आलेल्या माणसाला हात हलवत परत पाठवण्याची अर्जदारास कधी सवय नव्हती. मुलांनी चांगले काम करायचे म्हणून नाव घातले, आणि संस्थेने त्यांच्या हाती हा असला घाणा दिला, यात मुलांचा दोष नाही. हे सारे अर्जदार राग धरून लिहीत असली तरी तो राग मुलांवर नाही, अशी नोंद व्हावी.

४. ऑक्टोबरमध्ये कु. नमिताचा पहिला फोन आला. अर्जदार यजमानांच्या मरणाची तयारी करूनच बसली होती. मुलगी म्हणाली, 'आजी, मी नमिता. आधीच्या ताई-दादांनी लिहिलंय ते सगळं वाचलं मी. तेच तेच परत नाय विचारत. तुमी जेवलात का?'

महोदया, मागची टिपणी वाचून मग पुढची लिहावी, हा कचेरीतला पहिला धडा. तो पाळणारे साहेब अर्जदाराने बोटांवर मोजण्याइतके पाहिले. बी.ए.च्या एका पोरीने तो कुणी न शिकवता पाळला. जरा वेळाने ती चाचरत म्हणाली, 'एका फॉर्ममध्ये लिहिलंय, आजोबा बोंबील आणायला गेलेत. बाकी सगळीकडे वेगळं आहे. मी ते खोडलं नाय. तसंच ठेवलंय. चालेल ना?'

ते तसेच राहू द्यावे, असे अर्जदाराने सांगितले. आणि तू जेवलीस का, असे तिला उलट विचारले.

त्यानंतर महिनाभर ती ठरल्यापेक्षा जास्त बोलली. तिच्या आईला अर्जदाराने सुकटाची चटणी सांगितली, नमिताला विनंती अर्ज कसा लिहावा ते शिकवले, आणि मुलाखतीचे टेन्शन घेते म्हणून चांगली झापली. संस्थेच्या पत्रात 'निर्धारित संवादमर्यादेचे उल्लंघन' असे जे म्हटले आहे, ते हेच.

५. महिनाअखेर समारोपाचा फोन असतो. त्यात विद्यार्थ्याने एक प्रश्न वाचून दाखवायचा असतो : 'आमच्या उपक्रमामुळे तुमच्या आयुष्यात काय बदल झाला, ते एका वाक्यात सांगा.' नमिताने तो वाचला खरा, पण तिचा आवाज शरमेने इतका पडला की अर्जदाराने तिला ती जागा कोरी ठेवायला सांगितले. तिने ठेवली. 'अपूर्ण फॉर्म' हा तिच्यावरचा दुसरा ठपका. नियमाप्रमाणे यापुढे तिने अर्जदारास फोन करायचा नव्हता, आणि अर्जदारानेही ते मान्य केले.

६. तुळशीचे लग्न लागले आणि गावात हळदी सुरू झाल्या. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी अख्खी आळी रबाळ्याला हळदीला गेली. धोंडूबाईही गेल्या, आणि दुसऱ्या दिवशीचे लग्न लावूनच परतणार होत्या. अर्जदार गुडघ्यामुळे थांबली. भाडेकरू रात्रपाळीला गेले होते. बाथरूममध्ये पाय सरकून अर्जदार पडली. घोटा मोडला, कंबर हलेना. हाका मारून झाल्या. फोन बाहेर टेबलावर होता.

सकाळी भाडेकरू परतल्याचे कानावर आले, पण ते पंखे लावून झोपले, आणि बसलेल्या आवाजातली हाक त्यांच्यापर्यंत गेली नाही. मग फोन वाजू लागला. नोव्हेंबरच्या नव्या विद्यार्थ्याची फोन करण्याची ती वेळ होती, हे अर्जदारास फरशीवर पडल्या पडल्या ठाऊक होते. तो उचलला तर यजमान कधी वारले, कशाने वारले, असे विचारणार. महोदया, त्या वेळी अर्जदार ते सगळे पुन्हा सांगायला तयार होती. फोन तीनदा वाजला आणि थांबला. तीन प्रयत्न झाले की 'अनुपलब्ध' अशी खूण करून प्रकरण बंद करावे, असे त्या मुलाला शिकवले होते. त्याने बंद केले.

ती खूण विद्यार्थ्यांच्या सामाईक यादीत उमटली, आणि नमिताने पाहिली; तिचे प्रमाणपत्र यायचे असल्याने यादी तिला अजून दिसत होती. अर्जदार फोन उचलत नाही, हे तिला पटेना. तिचे म्हणणे, 'आजी फोन उचलतातच. ओरडायला का होईना, उचलतात.' तिने स्वतः लावून पाहिला. मग कामोठ्याहून रिक्षा करून ती नावड्याला आली. गावाचे नाव फॉर्ममध्ये होते, पत्ता नव्हता. दारात शेवगा आहे, मागे पाण्याची टाकी आहे आणि भाडेकरू तळोज्याला जातात, एवढे बोलण्यातून कळले होते. त्यावर विचारत विचारत तिने घर काढले, भाडेकरूंना उठवून कडी तोडवली, आणि अर्जदारास रुग्णालयात नेले. तिथे नाते विचारले असता तिने 'नात' असे सांगितले. संस्थेने ही खोटी माहिती दिल्याचाही ठपका ठेवला आहे.

७. यापुढील मजकूर लिहिताना अर्जदाराने पेन दोनदा खाली ठेवले आहे.

अर्जदार प्लास्टरमध्ये असताना संस्थेने समाजमाध्यमावर जाहीर केले की त्यांच्या एका फोनमुळे एका वंचित आजीचा जीव वाचला. सोबत एका सुरकुतलेल्या हाताचे चित्र आहे, त्या हातात फोन आहे. तो हात अर्जदाराचा नव्हे, तिच्या हातात बांगड्या असतात. त्याखाली टाळ्यांची चित्रे आहेत. आणि त्याच आठवड्यात त्याच संस्थेने, प्रत्यक्ष भेट निषिद्ध असताना भेट दिली, म्हणून नमिताची आंतरवासिता रद्द केली.

समन्वयक रंजिता मॅडम यांना अर्जदाराने स्वतः फोन केला. त्या म्हणाल्या, 'आमचं मॉडेल रिमोट आहे, मॅडम. उद्या एखादी इंटर्न कुणाच्या घरी गेली आणि काही झालं, तर लायबिलिटी कुणाची?' म्हणणे अगदीच चुकीचे नाही. तरण्या पोरीने अनोळखी घरात एकटीने जाऊ नये, हे अर्जदारही मानते. परंतु तिला राहवले नाही, आणि कचेरीची भाषा सोडून तिने घरच्या भाषेत विचारले, 'आनि कोन आलाच नाय, न मी तिथंच मेली असती, तं ती कोनाची गो?' यावर, 'तुमचा फीडबॅक नोंदवून घेतला आहे,' असे सांगण्यात आले.

दुसऱ्या दिवशी जबाब आला. त्यात लिहिले आहे की सदर विद्यार्थिनी 'माझ्या इच्छेविरुद्ध व विनापरवानगी माझ्या घरात शिरली'. खाली सहीची जागा. जबाब वाचून अर्जदारास जी किळस आली, तशी नोकरीत पाकिटे सरकवणारी माणसे पाहूनही आली नव्हती. ज्या फरशीवर अर्जदार पडून होती, तिथे येणाऱ्या एकमेव माणसाला चोर ठरवायचे, आणि तेही तिच्याच हाताने. समाजाला न्याय मिळवून देतो अशी पाटी लावून हे चालते. लाज कशी वाटत नाही, असा प्रश्न अर्जात विचारण्याची पद्धत नाही, तरी तो विचारला आहे.

८. नमिता रडत सांगत होती की प्रमाणपत्राशिवाय श्रेयांक नाहीत, आणि श्रेयांकांशिवाय वर्ष गेले. वडिलांना अजून सांगितलेले नाही. सबब अर्जदाराची मागणी अशी :

(अ) सदर आंतरवासिता पूर्ण झाली असे मानावे.

(ब) संस्थेच्याच प्रमाणपत्राचा नियम असल्यास अर्जदाराचे राहते घर ही संस्था समजण्यात यावी. घरात अध्यक्षा (अर्जदार), उपाध्यक्षा (धोंडूबाई, अशिक्षित परंतु हजर) आणि तीन खोल्यांचे सभासद आहेत. शिक्का पनवेलहून करून आणला आहे. कामाची तपासणी करायची झाल्यास प्रत्यक्ष यावे. फोन करू नये.

(क) अर्जदाराचे नाव कोणत्याही महाविद्यालयामार्फत पुन्हा कुणाच्या यादीत जाऊ नये. तिचे यजमान एकदा वारले आहेत, तेवढे पुरे आहे.

९. शेवटी एक खुलासा. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंदा प्लास्टर घालून अर्जदार बँकेत गेली, ती नमिताच्या खांद्याला धरून. साहेबांनी तोंडाकडे पाहिले, समोर सही घेतली आणि शिक्का मारला. एवढी वर्षे अर्जदारास हा दाखला म्हणजे निव्वळ कटकट वाटत आली. यंदा तिने त्याची एक प्रत जास्त काढून घेतली. समारोपाच्या फॉर्ममधली जी जागा कोरी राहिली होती, तीत आता एका वाक्यात असे भरावे : अर्जदार हयात आहे.

मुलीच्या कामाचे याहून वेगळे प्रमाणपत्र अर्जदाराजवळ नाही.

आपली, नमिता आली म्हणून हयात,

(सही)
सत्यभामा कान्हा घरत
नावडे, दि. १२ डिसेंबर २०२५

सोबत :
१) संस्थेने पाठविलेला जबाब, सहीविना.
२) घोट्याचा एक्स-रे (पाहून परत मिळावा).
३) अर्जदाराचा चालू वर्षाचा हयातीचा दाखला. हा परत नको, नमिताच्या फाइलला लावावा.