न कापलेली पानं

प्रिय अक्का,

तू गेल्यापासून एवढी भीती मला कधी वाटली नव्हती, म्हणून लिहितेय. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून हाताला लिहायची सवय नाही. अक्षर वेडंवाकडं येतंय. रागावू नकोस हं!

काल सोनार आला होता. आखाजीचा सण झाला की माझं दाजींशी लग्न लावायचं ठरलंय. दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो ना, तो चांदीचा टाक करायला. सोनारानं विचारलं, "पोरगी दिसायले कशी व्हती?" मायनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. "आशीच. इन्हासारखीच काढ."

अक्का, तो माझ्याकडे बघत बघत, गेलेल्या बाईचं तोंड पत्र्यावर ओढत होता!

माय वाईट नाही गं. तुझी चिमी आता आठ महिन्यांची झाली. माय म्हणते, "दुसरी माय कसाले आननी? तू शे ना घरमा!" चिमी दिवसभर माझ्याच कडेवर असते. तिला टाकून मी कुठे जाणार? भीती तिची नाही.

भीती त्या पुस्तकाची आहे.

धुळ्याहून, तुझ्या सासरून चिमीचे कपडे आले, त्याच ट्रंकेत ते निघालं. दाजींचं ट्रेनिंग कॉलेजातलं. माणूस जन्मापासून म्हातारपणापर्यंत कसा वाढतो, ते सांगणारं. मागच्या आखाजीला झोक्यावर तूच बोलली होतीस, आठवतं? "वेनू, त्यामा बठ्ठं शे! आपन म्हातारं कसं व्हतस ते बी." दाजी परीक्षेपुरतं वाचतात, छापखान्यातूनच जोडून आलेली पुढची पानं तूच सुरीनं कापतेस, असं सांगून किती हसली होतीस!

आधी मी चिमीसाठी वाचलं. मान कधी धरते, बसते कधी. पुस्तकात होतं तश्शी ती बसली, तेव्हा मी एकटीच हसले. कुणाला सांगणार?

मग मुलींच्या वयाचं पान आलं. तिथे तुझ्या नखाची रेघ आहे. पोरगी बाजूला बसायला लागली म्हणजे तिची वाढ पुरी झाली असं नाही, हाडं अजून वाढत असतात, एवढ्यात बाळंतपण आलं तर आईच्या जिवाला धोका, असं लिहिलंय.

मी तर पौषातच पहिल्यांदा बाजूला बसले, अक्का.

तू ही रेघ ओढलीस, तेव्हा चिमी पोटात होती का? मग कुणाला बोलली का नाहीस? मला तरी सांगायचंस! राग येतो तुझा. मग वाटतं, सांगून कोण ऐकणार होतं? मीही महिनाभर गप्पच आहे की.

त्या पानानंतर थोडं पुढे गेलं की पानं जोडलेलीच आहेत. मोठेपण, म्हातारपण. तुझी सुरी तिथवर पोचलीच नाही. काल मी विळी घेतली नि परत ठेवली. ती पानं आपल्या घरातल्या पोरींसाठी नाहीतच, असं वाटलं.

आज सकाळी पुस्तक घेऊन आबांपुढे उभी राहिले. त्यांना वाचता येत नाही, म्हणजे बोलायचं मलाच. "काय शे?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून आवाजच फुटेना! तेवढ्यात चिमीनं पुस्तकाचा कोपरा तोंडात घातला. आबा हसले, "इले मास्तरीन व्हनं शे वाटतं!" आणि बिडी पेटवून शेतात गेले.

टाकावर डोळे कोरायचे राहिलेत. सोनार परवा येणार आहे.

म्हणून तुला शब्द देते. उद्या आबा भाकरीला बसले की मी त्यांच्यासमोर बसेन. जेवता जेवता ते उठत नाहीत, तुला ठाऊक आहे. तुझ्या रेघेवर बोट ठेवीन नि मोठ्यानं वाचीन. आवाज गेला तर पुन्हा पहिल्यापासून. चिमीला मी सांभाळते, पण लग्न दोन वर्षं थांबवा, म्हणेन. ऐकतील? मला नाही माहीत गं. मारतील कदाचित.

आत्ता, हे लिहिण्याआधी, एक पान कापलं. कड दातेरी झाली. म्हातारपणाचं होतं. अजून वाचलं नाही. उद्या आबांशी बोलले की मग वाचीन.

तुझी धाकटी,
वेणू